नळीतली लय

रोज सकाळी सात वाजता फोनमधला आवाज शिवकन्या गंभिरेला पाच प्रश्न विचारत असे. ताप आहे का? पोटात दुखतं का? रक्तस्राव? झोप कशी लागली? आणि शेवटचा: काल कोणतं औषध घेतलं का?

भाकरी थापता थापता ती उत्तरं द्यायची. नाही, नाही, नाही, बरी, नाही. मग आवाज “धन्यवाद, शिवकन्याताई” म्हणून बंद व्हायचा. तिच्या सासूबाई गोदावरीबाई देवघरातून म्हणायच्या, “त्या बाईला एकदा चहा तरी पाज. रोज उभ्या उभ्या विचारून जाती बिचारी.”

“बाई नाही आत्या ती. मशीन आहे.”

“असू दे की मशीन. चौकशी तर करतंय. तुझ्या सख्ख्या भावानं केलीय का ह्या महिन्यात?”

मराठवाड्यात सासूला आत्या म्हणायची पद्धत २०४४ सालीही टिकून होती. लातूरच्या जुन्या गल्ल्यांत आणखीही बरंच टिकून होतं. आत्यांच्या गल्लीतल्या विठोबाच्या देवळात दरवर्षी सप्ताह बसायचा, सात दिवस कीर्तन व्हायचं, आणि कीर्तनकार बुवांचं दुपारचं पान गंभिऱ्यांच्या घरी असायचं. आत्यांना वर्षभरात दुसरा कुठला सण एवढा मोठा वाटत नसे.

शिवकन्या चौतीस वर्षांची होती. बाविसाव्या वर्षी मुलगी, चोविसाव्या वर्षी मुलगा. मुलगा तीन महिन्यांचा असताना आत्या म्हणाल्या, “दोन झाली, बास,” आणि तालुक्याच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालं. दोन्ही नळ्यांचा मधला तुकडा कापून टोकं बांधून टाकली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिची हरकतही नव्हती. त्या वयात तिला फक्त झोप हवी होती. पाच वर्षांनी नवरा अपघातात गेला. आणखी दोन वर्षं गेली आणि आत्यांनीच तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा आत्या म्हणाल्या, “पोरगा माझा गेलाय. मी बसते की रडत. तिनं कामून बसावं?”

स्थळही त्यांनीच शोधलं. मुकुंद बिराजदार, उदगीरचा शाळामास्तर. बायको आजारपणात गेलेली, मूल नाही. सप्ताहात बुवांच्या मागे उभा राहून पखवाज वाजवायचा. आत्यांचा हिशेब साधा होता. “पखवाज्या माणूस दुसऱ्याचं ऐकणारा असतो. बुवा कुठं थांबणार, हे त्याला बुवांच्या आधी कळतं.”

मुकुंद खरोखरच ऐकणारा निघाला. दोन्ही मुलांशी त्याचं जमलं. त्यानं लातूरला बदलीही मागितली. मुलाबद्दल तो एवढंच म्हणाला, “झालं तर आनंद. नाही झालं तर ही दोघं आहेतच.” त्याची आई सुशीलाबाई मात्र तसं म्हणाल्या नाहीत. पण खरं सांगायचं तर मूल शिवकन्येलाच हवं होतं. पहिल्या दोघांचं लहानपण तिच्या अर्धवट झोपेतून निघून गेलं होतं. एकदा तरी आपण ठरवून, जागेपणी आई व्हावं, असं तिला वाटायचं. हे तिनं मुकुंदला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

म्हणून लग्नाच्या आधीच ती जोडणी केंद्रात गेली.

कापलेली नळी पुन्हा जोडायचं ऑपरेशन नवीन नव्हतं. मागच्या पिढीतही सर्जन टोकाला टोक शिवून द्यायचे. नळी उघडायची, तिच्यातून पाणी सोडलं तर पार जायचं, आणि तरीही बऱ्याच बायकांना दिवस राहत नसत. कारण स्त्रीबीज काही पाण्यासारखं वाहत जात नाही. त्याला न्यावं लागतं. नळीच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात. ते सेकंदाला पाच-सहा वेळा गर्भाशयाच्या दिशेनं झुकतात आणि बीजाला हातोहात पुढे देतात. जिथे शिवलेलं असतं तिथे व्रण असतो, आणि व्रणावर केस उगवत नाहीत.

केंद्रात हा केसाळ तुकडाच वाढवून देत. त्याला तिथली माणसं बाही म्हणायची, कारण दिसायची तशीच, बाहुलीच्या झबल्याच्या बाहीसारखी. असे केस नाकातही असतात. म्हणून नाकाच्या आतून थोड्या पेशी खरवडून घेत, आणि एकवीस दिवस त्यांना नळीच्या अस्तराचं वळण लावत.

“म्हणजे नाकातलं पोटात?” आत्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. “बाळ शिंकत येणार काय मग?”

बाह्या वाढवणारी तंत्रज्ञ तबस्सुम शेख हसत सुटली होती. पुढच्या खेपेला तिनं दोघींना पडद्यावर शिवकन्येच्या पेशी दाखवल्या. नवे उगवलेले केस वाटेल तसे वळवळत होते, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. “आता बघा,” म्हणत तबस्सुमनं पंप चालू केला. पेशींवरून पाणी ठरावीक ठेक्यानं वाहू लागलं. पाण्याचा धक्का एका केसाला लागायचा, त्याचा शेजारच्याला. मशीन ही शिकवणी एकवीस दिवस देत असे. एकविसाव्या दिवशी तबस्सुमनं दोघींसमोर पंप बंद केला, तरी केस त्याच ठेक्यात झुकत राहिले.

आत्या पडद्याकडे बघतच राहिल्या. “टाळकरी उभे राहतात तसेच गं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. पाय कुणाचा कुठं पडतोय पत्ता नसतो. सातव्या दिवशी सगळी रांग एका अंगानं डुलायली.”

ऑपरेशन नीट झालं. पुढे दर महिन्याला चाचणी. खसखशीहून बारीक, विरघळणारा साखरेचा दाणा नळीच्या तोंडाशी सोडायचा आणि कमरेला पट्टा बांधून तो कुठवर सरकला ते मोजायचं. तीन दिवसांत पार झाला की नळी चांगली. पहिल्या महिन्यात दाण्याला चार दिवस लागले. दुसऱ्या महिन्यात तीन दिवस आणि दोन तास. तिसरी चाचणी सप्ताहात आली. पट्टा साडीखाली बांधून शिवकन्येनं सात दिवस बुवांचं पान वाढलं.

सोमवारी डॉक्टर कुलथेबाईंनी तिला समोर बसवलं.

“दाणा मध्येच थांबला. पाच दिवस एका जागी होता, मग विरघळला. दोन्ही बाजूंना तेच.”

“पुढच्या महिन्यात होईल की सुरळीत.”

“बीज असं मध्ये थांबलं आणि गर्भ तिथेच धरला, तर नळी फुटते. बाई दगावते. मी तो धोका घेऊ शकत नाही.” डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “गुरुवारी नळ्या पुन्हा बंद करू. क्लिप लावायची, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर दुसऱ्यांदा जोडणी होत नाही. तिथे शिवायला काही उरत नाही.”

“झालं कशानं पण?”

“वयानं, बहुतेक. तेहेतिशीपुढच्या तुम्ही दुसऱ्या. पहिल्या बाईंचंही तिसऱ्या महिन्यात असंच सुटलं होतं. आजपासून तेहेतिशीपुढच्या बायकांची जोडणी थांबवलीय.”

बाहेरच्या बाकावर औशाहून आलेली एक बाई बसली होती. पस्तिशीची असावी. तिच्या हातातल्या कागदावर ऑपरेशनच्या तारखेवर आडवी रेघ मारलेली होती. तिनं शिवकन्येकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमचंच का हो ते बंद पडलेलं?”

शिवकन्येनं हातातली पिशवी पोटाशी धरली.

“नाही, विचारलं आपलं. अकरा जणींच्या तारखा गेल्या. मला एकच लेक होता, तलावात गेला. म्हणून आले होते.” ती कागदाची घडी घालू लागली. “तुमचा काय दोष म्हणा.”

घरी आल्यावर आत्यांनी ऐकून घेतलं आणि देवासमोर जाऊन बसल्या. बराच वेळ काही पुटपुटत होत्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “सप्ताह नीट पार पडला. बुवा पोटभर जेवून गेले. मग असं कसं केलं त्यानं?” ‘त्यानं’ म्हणजे कुणी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मुकुंद संध्याकाळी उदगीरहून आला. त्यानं शिवकन्येला विचारलं, “तू काय ठरवलंस?”

“माझ्या हातात काय आहे ठरवायला?”

“लग्नाचं विचारतोय. माझं ठरलेलंच आहे. पुढच्या महिन्यातला बुधवार. आईला मी सांगतो.”

तिला बरं वाटलं, आणि रडूही आलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता आवाजानं विचारलं, रक्तस्राव? ती म्हणाली, “हो, पाळी आली.” आवाजानं नोंद केली: अपेक्षित तारखेपेक्षा नऊ दिवस उशीर. केंद्रातल्या यंत्रणेनं त्यावरून आपोआप निष्कर्षही काढला, की बाही बिघडल्यामुळे शरीराची घडी विस्कटली आहे.

दुपारी तबस्सुमचा फोन आला. केंद्राच्या कामाचा नव्हता. तिला बाही वाया गेल्याचं वाईट वाटत होतं.

“मी अजून चार तुकडे ठेवलेत तुमचे, बशीत. शिवकन्याताई, ते व्यवस्थित हलायलेत. त्याच पेशी, तेच वय. मग पोटात जाऊन काय झालं त्यांना?” ती थांबली. “एक विचारू? मशीन विचारत नाही असलं. तुमची तारीख सप्ताहात यायची होती. बरोबर?”

“हो.”

“मग बुवांचं पान कुणी वाढलं?”

“मीच. दरवर्षी मीच...” शिवकन्या बोलता बोलता थबकली.

“आमच्यात पण घेतात,” तबस्सुम हळूच म्हणाली. “हजला जाताना. माझ्या खालानं, मावशीनं, चाळीस दिवस घेतल्या होत्या.”

गोळ्या देवघराच्या खणातच असायच्या, कापूर आणि फुलवातींच्या शेजारी. गौरी, सत्यनारायण, सप्ताह. तारीख आडवी येतेय असं दिसलं की आत्या तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ एकेक हातावर ठेवायच्या, तीर्थ द्यावं तशी. शिवकन्या पंधरा वर्षं घेत होती. पोटात दुखलं तर घ्यायचं ते औषध. ताप आला तर घ्यायचं ते औषध. ही गोळी औषध आहे, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. सप्ताहाच्या सातही सकाळी तिनं आवाजाला ‘नाही’ म्हटलं होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

पाळी पुढे ढकलणारी गोळी शरीराला सांगते, की बीजाची वेळ होऊन गेली, आता शांत राहा. तो निरोप नळीपर्यंतही पोचतो. तिथले केस मंदावतात. जन्मापासूनची नळी हे सोसते, गोळी थांबली की पुन्हा चालू लागते. तीन महिन्यांच्या कोवळ्या बाहीचा मात्र ठेकाच सुटतो. केंद्रानं शिवकन्येच्या रक्तात तिचीच संप्रेरकं तपासली होती, आणि ती ठीक होती. बाहेरून आलेलं काही आहे का, ते शोधायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तिनं आत्यांना सांगितलं. आत्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला.

“म्हणजे मी केलं?”

“तुम्ही नाही, आत्या. गोळीनं झालं.”

“गोळी कुणी दिली? ऑपरेशन कर म्हणून कोण म्हणालं होतं? मीच. आता हेही मीच.” त्या जमिनीवर बसल्या. “हे बघ कन्ये, तू तिथं जाऊन सांगू नकोस. लोक म्हणतील, देवाच्या पायी झालं. देवाच्या सेवेत कुणाचं वाईट होत नसतं. सुशीलाबाईला तर आयतंच मिळंल बोलायला.”

“नाही सांगितलं तर गुरुवारी बंद करतील.”

“आणि सांगितलं तर?”

ते शिवकन्येलाही माहीत होतं. केंद्राच्या नियमांत छापलेलं होतं: औषधाबद्दल चुकीचं उत्तर देणाऱ्या बाईचा पाठपुरावा बंद. तरीही क्लिपच. सांगा किंवा सांगू नका, तिच्या वाट्याला तेच येण्याची शक्यता होती. फरक पडणार होता तो कागदावरच्या कारणाच्या रकान्यात, जिथे ‘वय’ लिहून अकरा जणींच्या तारखा खोडल्या होत्या.

आत्यांनी जमिनीवर हात टेकला. मग उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “मी पण येते. दिली मी, तर सांगीन पण मीच.”

बुधवारी डॉक्टर कुलथेबाईंनी दोघींचं ऐकलं आणि हातातलं पेन टेबलावर आपटलं.

“रोज विचारतो आम्ही! रोज! औषध घेतलं का म्हणून!”

“औषध विचारता तुम्ही,” आत्या म्हणाल्या. “देवाधर्मासाठी काय घेतलं, असं कुठं विचारता? मी अडाणी नाही बाई, मला वाचता येतं. पण त्या पाकिटाला मी कधी औषध म्हणाले नाही. तुमच्या घरी म्हणतात का?”

डॉक्टरांनी आपटलेलं पेन उचलून खिशाला लावलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा अशाच गोळ्या त्यांनीच लिहून दिल्या होत्या.

“नियमानं तुमचं नाव जातं,” त्या शिवकन्येला म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

“जाऊ द्या. पण वयानं झालं असं लिहू नका. ती औशाची बाई आहे, तिची तारीख खोडलीय तुम्ही.”

त्या दुपारी डॉक्टरांनी तेहेतिशीपुढच्या पहिल्या बाईला स्वतः फोन लावला. ती निलंग्याची होती. तिसऱ्या महिन्यात घरी काही होतं का, असं विचारल्यावर तिनं आधी नाही म्हटलं. “कुलदैवताला गेला होता का?” या प्रश्नावर ती जराशानं म्हणाली, “गेलो होतो की. जागरण-गोंधळ होता.”

क्लिप पुढे ढकलली. चुकीचं उत्तर ते, की प्रश्नच चुकीचा विचारलेला, हे नियमांत कुठे लिहिलेलं नाही, असा डॉक्टरांनी अर्थ लावला. तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी. तोवर ठेका आपोआप धरला तर धरला, नाहीतर बंद. धरला, तर पुढे वर्षभर गोळीला हात लावायचा नाही.

ते तीन आठवडे आत्यांनी कीर्तनं ऐकण्यात घालवले. शिवकन्या फोनमधल्या आवाजाला उत्तरं देत राहिली. आता प्रश्न सहा झाले होते. सहावा, देवाधर्मासाठी काही घेतलं का, हा तबस्सुमनं लिहून दिला होता, आणि तो ऐकताना आत्या दरवेळी मान वळवून भिंतीकडे बघायच्या.

पट्टा बांधल्यावर पहिले दोन दिवस दाणा जेमतेम हलला. तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूचा सरकू लागला. चौथ्या दिवशी सकाळी तो पार झाला. डावा थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणाल्या, डावी बंद करून टाकू, एक उघडी पुरते. शनिवारी शिवकन्येची एक नळी कायमची मिटली आणि एक उघडी राहिली. सोमवारी अकरा बायकांना नवीन तारखा गेल्या.

आणि मंगळवारी, लग्नाच्या आदल्या दिवशी, पाळी आली. अगदी वेळेवर.

शिवकन्येनं न्हाणीघरातून बाहेर येऊन आत्यांना सांगितलं. घरात हळद दळलेली होती, दारात मांडव पडला होता. सुशीलाबाई आणि वऱ्हाड येऊन उतरलं होतं. अशा वेळी या गल्लीतली कुठलीही बाई काय करेल ते दोघींनाही ठाऊक होतं. आता गोळी घेऊनही उपयोग नव्हता, आणि उपयोग असता तरी घ्यायची नव्हती. उरत होतं ते गप्प बसणं.

“कुणाला कळणार नाही, आत्या. मी सांगणार नाही.”

आत्या पाटावर बसून अक्षतांना हळद-कुंकू लावत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“नळीतले ते केस कोण हलवतो गं?”

“काय?”

“तबस्सुमनं पंप बंद केला, तरी हलायले होते. मी डोळ्यानं बघितलं. कोण हलवतो? तोच ना? मग त्याच्यापुढं काय लपवायचंय आपल्याला? त्याला काय कळलं नाही होय?”

बुधवारी मुहूर्ताला पाव तास असताना सुशीलाबाई आत्यांच्या कानाशी लागल्या. नवरीला बोहल्यावर न्यायची तयारी झाली होती. मामा म्हणून कुणी उभं राहायचं यावर बाहेर वाद चालला होता.

“विहीणबाई, सगळं ठीक आहे ना? म्हणजे तारखेचं वगैरे. उगं विचारून ठेवलेलं बरं.”

“काल आली,” आत्या म्हणाल्या. हळू नव्हे, मोठ्यानं. बांगड्या भरलेल्या चार बायकांनी माना वळवल्या.

सुशीलाबाईंचा हात छातीशी गेला. “अगंबाई! मग गोळी नाही दिली? आता ह्या अवस्थेत अंतरपाटापुढं कसं... देवाब्राह्मणासमोर...”

“गोळी दिली असती तर उरलेली नळी पण मिटली असती.” आत्यांनी सुनेचा हात धरला. कन्यादान त्याच करणार होत्या, गल्लीनं त्यावरही तोंडसुख घेऊन झालं होतं. “तुम्हाला नातू पाहिजे का सोवळं पाहिजे, ते आत्ता सांगा. माझ्या मुलीला घेऊन मी इथं उभी आहे. तुमचं ठरंस्तोवर हलणार नाही.”

मुकुंद बोहल्यावरून हे ऐकत होता. तो उठला नाही. फक्त शिवकन्येकडे बघत राहिला, बुवा पुढचा चरण घेणार की इथेच थांबणार याचा अंदाज घेत असल्यासारखा. बाहेर भटजींनी घसा साफ केला.

सुशीलाबाईंनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. शिवकन्येनं नजर खाली घातली नाही. मग सुशीलाबाई पुढे झाल्या आणि तिची सरकलेली मुंडावळ कपाळावर नीट बसवू लागल्या.

“नातूच पाहिजे असं कुठं म्हणाले मी?” त्या कुरकुरल्या. “नात झाली तरी चालंल मला.”